सातशे वर्षांची राख

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (पत्रातच, कंबर अजून सरळ होत नाहीये). तुझा गुडघा कसा आहे?

वसतिगृहात शनिवारी मोठ्या सिस्टर पलंगांखाली पांढरा रुमाल फिरवायच्या, आठवतं? तू पांघरूण ओढून घोरायचीस आणि तुझ्या पलंगाखालचंही मीच झाडायचे. तीच सवय परवा नडली.

मी हौसेने ज्या उत्खननावर आलेय, ते गाव सातशे वर्षांपूर्वी ओसाड पडलं. भिंती आता गुडघाभर उरल्यात (तुझ्या गुडघ्यापेक्षा कमी कुरकुरतात), पण काय नेटकं गाव गं! दारं वाऱ्याकडे पाठ करून, गोठ्याचं पाणी बाहेर जाईल असा उतार, विहिरीच्या काठावर दोराने पडलेल्या खाचा. खाचेत बोट घातलं की कुणाचं तरी मनगट हाताला लागेलसं वाटतं. मला एका घराची जमीन साफ करायला दिली. कोपऱ्यात चूल, चुलीत राख. दुपारी पाहुणे बघायला येणार होते. मी चूल लख्ख झाडून काढली.

उत्खननाच्या प्रमुख बाई (वय आपल्या भाचीचं, आवाज मोठ्या सिस्टरांचा) आल्या आणि मटकन खालीच बसल्या. “मावशी, गाव का उठलं ते त्या राखेत होतं! सामान आवरा.” मी म्हटलं, राख आहे की. आईचं कानातलं केरात गेल्यापासून मी चाळल्याशिवाय केर टाकत नाही. राख माझ्या जेवणाच्या डब्यात होती. चाळली, तर जळके वाटाणे आणि हाडाची सुई! बाईंनी सुई कापसात ठेवली आणि मला जमिनीवर हात फिरवायला लावला. मधोमध थाळीसारखी खोलगट. “बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडून झिजवलीय. जातानाही झाडून गेल्या.” ताई, कायमचं सोडायचं घर कोण झाडतं? आई गेल्यावर किल्ली देण्याआधी तू झाडलं होतंस. जन्मात पहिल्यांदा.

मला ठेवायचं की नाही, ते बाई संध्याकाळी सांगणार आहेत. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
दोन पलंगांखालचं झाडणारी धाकटी

ता. क. ठेवलं! पूर्ण तीन महिने. आता खरं काम. मुलाला मी सांगितलंय की तुझ्या गुडघ्याच्या सेवेला तुझ्याकडे आलेय. रविवारी तो येतोय. जरा लंगड. मी तुझं औषध आणायला गेलेय म्हण. दुकानात फार गर्दी असते म्हण.

आणखी एक ता. क. सोबतच्या पिशवीतली लोकर सूनबाईला, ओढ्यातले गोटे नातीला (बाईंनी तपासून दिलेत), चष्म्याचं घर भावजींना. हे पत्र मुलाला, पण तुझा गुडघा बरा झाल्यावर. माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागची आखूड केरसुणी मात्र कुणाला देऊ नकोस. रविवारी मुलाकडून मागवून घे आणि इकडे धाड. बाईंनी मागितलीय.