काकांना मी उगाच जाळलं

तीर्थरूप मावशीस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आणि काकांचा स्वभाव, दोन्ही आता जरा सैल झाले असतील अशी आशा आहे. दोन गल्ल्या सोडून राहतोस आणि पत्रं कसली लिहितोस, असं म्हणशील. पण समोर आलो की तू मला बोलू देत नाहीस, आणि आज मला तुझे आभार मानायचे आहेत (हसू नकोस).

माझ्या कादंबरीवरचा सिनेमा अखेर पाहिला. पाहणार नव्हतो. कादंबरी काकांवरूनच लिहिली, हे तुला ठाऊक आहे: एकेकाळचा बडा निर्माता, एक सिनेमा आपटतो आणि माणूस होत्याचा नव्हता होतो. शेवटी मी त्याला त्याच्याच पेटलेल्या स्टुडिओत मारला. चांगली पंधरा पानं जाळत होतो. (तेही काका धडधाकट असताना! पुस्तक मिटून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "मी गेलो कधी म्हणे?") दिग्दर्शक बाईंनी त्या भूमिकेसाठी एक बुटका, टकला नट घेतला आणि आगच काढून टाकली. "परवडत नाही का?" मी विचारलं. "परवडते. पटत नाही," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं, आणि पडद्यावर माझं नाव बारीक अक्षरात टाका असं कळवलं. (त्यांनी टाकलं. चष्मा लावूनही मला सापडलं नाही.)

सिनेमा पडला. 'पुस्तकाची सर नाही' असं पेपरात आलं, ते कात्रण मी कपाटाच्या दारावर चिकटवलं. मग बाईंच्या जखमेवर जरा मीठ चोळावं म्हणून बायकोला घेऊन संध्याकाळच्या खेळाला गेलो. आम्ही दोघं, आणि सिनेमा पाहायला न आलेलं एक जोडपं. मध्यंतरापर्यंत मी तिच्या कानात चुका सांगत होतो. मग तो प्रसंग आला. सगळं बुडाल्यावर निर्माता घरी येतो, पण बेल वाजवायचा धीर होत नाही, म्हणून जिन्यात बसून राहतो. माझ्या पुस्तकात पुढे आहे, 'पत्नीने दार उघडले.' बस्स. इथे ती मटाराचं ताट घेऊन बाहेर येते, त्याच्या शेजारी पायरीवर टेकते, अर्ध्या शेंगा त्याच्या मांडीवर ओतते आणि म्हणते, "सिनेमा पडलाय. तुम्ही नुसते बसलायत. बसलेल्याला उठता येतं." आणि दोघं मटार सोलत राहतात. संगीत नाही, काही नाही. त्या टकल्याच्या बोटांतून दाणे निसटत होते, आणि मला साक्षात काका दिसले. बायकोने माझा हात धरला तो दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेलो. म्हटलं, "हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचलं कुठे? तुमच्या मावशींनी सांगितलं. मटार सोलता सोलता."

म्हणजे तू त्यांना घरी बसवून सगळं सांगितलंस आणि मला पत्ता नाही! तुझ्या हातचं खाऊन मी वाढलो, पण शेवट म्हटला की आग लागते एवढंच मला ठाऊक. मी काकांना मारून मोठं करायला निघालो होतो. तू आणि बाईंनी त्यांना जिवंत ठेवून केलंत. सिनेमा पुस्तकापेक्षा चांगला आहे. (हे लिहिताना हात जड झाला, पण खरं आहे.) तुझे उपकार मानावेत तेवढे थोडे.

तुझा आगलावा भाचा

ता. क. सिनेमा शुक्रवारी उतरतोय. त्याआधी काकांना घेऊन ये. त्या पडझडीनंतर त्यांनी थिएटरची पायरी चढली नाही हे मला माहीत आहे, पण तू ओढलंस तर येतील. तिकिटं मी काढतो.

आणखी एक ता. क. तिकिटं काढायला गेलो होतो. खिडकीवरचा माणूस काकांना त्यांच्या भरभराटीच्या काळापासून ओळखतो. म्हणाला, "साहेबांसाठी कशाला? ते रोज दुपारच्या खेळाला असतात. मटार आले की मागच्या रांगेतून उठून पुढे येऊन बसतात." तेव्हा काकांना आणू नकोस. उद्या दुपारी तू एकटीच ये, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बस.