रेस दिली की बंद

सोमवार, ४ मार्च
झाडं कापायचं नवीन मशीन दोरी ओढली की सुरू होतं, नुसतं उभं असताना छान गुरगुरतं, आणि रेस दिली की बंद पडतं. असं का? मला सांगता येत नाही. आजच्यापुरतं तरी नाही. पण मी इतिहासाची पदवीधर आहे, या घरातली पहिली. कुठल्याही घटनेला दूरगामी कारणं असतात आणि एक तात्कालिक कारण असतं. ती शोधायची. उद्या दुपारपर्यंत होऊन जाईल.

नोंद राहावी म्हणून लिहिते: मशीन घ्यायचा आग्रह माझा. बाबा आणि आत्या माझ्या जन्माआधीपासून झाडं कापतात, तीही दोघांनी ओढायच्या करवतीने. एक मूठ बाबांकडे, दुसरी आत्याकडे. आता आत्याचा खांदा गेला. डॉक्टरांनी ओढाओढ बंद करायला सांगितली. आत्याने त्यांना विचारलं, की मग दुसऱ्या टोकाला तुम्ही येणार का. डॉक्टर येणार नाहीत, म्हणून मशीन. श्रमाची मुक्ती स्वतःच्या घरापासून सुरू झाली पाहिजे.

वाचनालयाच्या मागचं झाड वाऱ्याने आडवं झालंय आणि मागचा दरवाजा अडलाय. शनिवारी ते कापून द्यायचं बाबांनी कबूल केलंय. ते म्हणाले, मशीन शुक्रवार संध्याकाळपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर दुकानात परत, करवत आहेच. करवत आहेच म्हणजे आत्या आहेच. आत्याने लगेच खांदा गोल फिरवून दाखवला आणि कुणाला चेहरा दिसू नये म्हणून खिडकीकडे वळली. मला खिडकीच्या काचेत दिसला.

ठराव: ऑपरेटर मी. हेल्मेटवर तशी चिठ्ठी चिकटवली.

मंगळवार, सकाळ
पहिल्यापासून शिस्त. मशीनच्या पुढच्या मुठीसमोर प्लॅस्टिकची एक ढाल आहे. ती मागे-पुढे हलते, हा मला कंपनीचा ढिसाळपणा वाटतो. ढाल पुढेच हवी. ढाल मागे ठेवून कुणी लढाई जिंकल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून रविवारीच, मशीन खोक्यातून काढल्या काढल्या, ती पुढे ढकलली (टक् असा भरवशाचा आवाज झाला) आणि मागे येऊ नये म्हणून फितीने घट्ट बांधून टाकली. फीत निळी, पदवीच्या गुंडाळीला होती ती. आईने पदवी फ्रेम केल्यापासून फीत रिकामीच होती.

आई म्हणाली, की मशीनला फीत बांधून उद्घाटन करायचंय का. सुरक्षेची चेष्टा करणारे प्रत्येक काळात असतात.

मंगळवार, दुपार
माहितीपुस्तक वाचलं, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. चित्रांची पानं सोडली; चित्रं ज्यांना वाचायचा कंटाळा असतो त्यांच्यासाठी.

पेट्रोलमध्ये ऑइल: बरोबर. एअर फिल्टर: इतका स्वच्छ की लाज वाटली. चोक: आत ढकललेला. दोरी ओढली, सुरू झालं. रेस दिली. बंद.

दुकानदाराला फोन केला. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता माझ्याशी बोलत होता. ऑइल घातलंय का, चोक बघितला का, ब्रेक सोडलाय का. मी शांतपणे सांगितलं, की ही स्कूटर नाही, हिला ब्रेक नसतो. तो बरं म्हणाला आणि फोन ठेवला. ज्या वस्तू आपण विकतो त्यांची इतकी कमी माहिती असावी, याचं वाईट वाटलं.

बाबा चहा पीत बघत होते. म्हणाले, मशीन अगदी तुझ्यावर गेलंय. बसल्या जागी भरपूर आवाज, काम सांगितलं की गप्प.

उत्तर कामाने देणार.

बुधवार
दूरगामी कारण सापडलं. कार्बोरेटर! त्याच्या बाजूला दोन बारीक स्क्रू आहेत. पुस्तकात लिहिलंय, की त्यांना जाणकाराशिवाय कुणी हात लावू नये. मी ते पान दोनदा वाचलं, म्हणजे जाणकार झाले.

एक स्क्रू थोडा डावीकडे. बंद. थोडा उजवीकडे. बंद. मग दुसरा. मूळ जागा कुठली होती ते आता आठवत नाही, पण मूळ जागेवर ते चालत नव्हतंच, तेव्हा नुकसान काही नाही.

दुपारी आई आणि आत्या बाहेरच्या खोलीत बोलत होत्या. आत्या म्हणत होती, की पोरीला सांगू नकोस, पण शनिवारी मीच जाईन. एका झाडाने काही खांदा गळून पडत नाही. आई म्हणाली, की काल तुला वेणी घालता आली नाही, मी घालून दिली. त्यावर आत्या म्हणाली, की झाडाला कुठे वेणी घालायचीय.

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन परत अंगणात गेले.

बुधवार, संध्याकाळ
चाललं!

उजवा स्क्रू एक चिमूट फिरवला, हात धुवायला आत गेले, बाहेर येऊन दोरी ओढली, रेस दिली, आणि कापणारी साखळी अशी सुसाट फिरली की मीच दोन पावलं मागे सरले. ओंडक्याचे दोन तुकडे. आत्याने तुकडा उचलून कापाची बाजू अंगठ्याने चाचपली आणि म्हणाली, की लोणी कापल्यागत कापलंय. आत्याकडून एवढं कौतुक मी पदवीच्या वेळीही ऐकलं नव्हतं.

एकच गालबोट. ढालीची फीत गायब. मी हात धूत असताना आत्याने छाटलेल्या काटक्यांची मोळी बांधायला ती सोडून घेतली होती, आणि गाठ सुटेना म्हणून ढाल मागे ओढली होती. मी तिला न रागावता सुरक्षेचं महत्त्व समजावलं. तिने मोळी सुटी केली आणि फीत परत दिली. मशीन उद्यासाठी सज्ज करून ठेवलं: ढाल पुढे, फीत पक्की.

गुरुवार
सकाळी प्रात्यक्षिक. बाबा, आई, आत्या आणि वाचनालयाच्या बाई, ज्यांना मीच मुद्दाम बोलावलं. आधी यंत्र आणि स्त्रीमुक्ती यांवर थोडं बोलले. बाईंनी मध्येच घड्याळ पाहिलं. दोरी ओढली. सुरू. रेस दिली.

बंद.

परत. बंद. बाई म्हणाल्या, की भाषण मात्र छान झालं.

कारण: सकाळची थंड हवा. कार्बोरेटरला सवय नाही. दुपारी उन्हात ठेवलं आणि दोन्ही स्क्रू आणखी थोडे फिरवले. गरम झालं आणि बंद पडलं.

आत्या आत गेली आणि करवत काढून, एका हाताने, तेल पुसत बसली.

शुक्रवार, संध्याकाळ
बाबांनी खोकं आणलं. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, प्रयत्न केलास ना, झालं तर मग. उद्या सकाळी जाता जाता दुकानात देऊ. माहितीपुस्तक खोक्यात परत घालायला हवं, म्हणून शोधलं. ते चित्रांच्या पानावर उघडं पडलं होतं.

चित्र एक: ढाल पुढे. वर बंद कुलपाची खूण. चित्र दोन: ढाल मागे. वर साखळी फिरताना दाखवलीय. खाली एक ओळ: ढाल पुढे असताना साखळीचा ब्रेक लागलेला असतो, अशा वेळी रेस देऊ नये.

पाणी प्यायले. परत पाहिलं. तेच चित्र.

म्हणजे मी ब्रेक दाबून धरून, वर फीत बांधून, चार दिवस त्याला पळ म्हणत होते. आणि बुधवारी ते चाललं ते माझ्या स्क्रूमुळे नाही, आत्याच्या मोळीमुळे.

आता काय सांगायचं याचा विचार केला. "कार्बोरेटरची अंतिम जुळवणी पूर्ण झाली" असं म्हणता येईल. ते पूर्णपणे खोटं नाही. स्क्रू मी खरंच फिरवलेत.

शनिवार, दुपार
सकाळी खोकं बांधलेलंच होतं. आत्या पदर खोचून, करवत घेऊन दारात उभी. मी "अंतिम जुळवणी" म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा दुखरा हात दिसला. करवतीचं ओझं तिने डाव्या हातात घेतलं होतं. मग सगळं सांगून टाकलं. ढाल, फीत, चित्र, दुकानदाराची स्कूटर.

आत्या इतकी हसली की करवत खाली ठेवावी लागली. म्हणाली, की बिचाऱ्याला पदवी बांधली होती, चालणार कसं.

झाड कापून झालं. मशीन बाबांनी चालवलं. आत्या वाचनालयाच्या पायरीवर बसून कुठे कापायचं ते ओरडून सांगत होती. बाबा म्हणाले, करवतीचं टोक धरायची तेव्हा निदान गप्प असायची.

एक किरकोळ बाब. माझ्या स्क्रूंमुळे मशीन आता रेस दिली की झकास चालतं आणि रेस सोडली की बंद पडतं. बाबा म्हणाले, हरकत नाही, आता ते आत्यावर गेलंय, रिकामं बसवत नाही. सोमवारी दुकानदार स्क्रू नीट लावून देणार आहे. फोन मीच केला. मी स्कूटर म्हटल्याबरोबर त्याने आवाज ओळखला.

ऑपरेटरपद सोडायचं ठरवलं. हेल्मेट सकाळीच बाबांना दिलं. चिठ्ठी खरवडून काढली, डिंक थोडा राहिलाय. दिवसभर फांद्या ओढल्या, मोळ्या बांधल्या. शेवटच्या मोळीला दोरी पुरली नाही, तिथे फीत बांधली.