सतरा नंबरच्या दुधातलं पाणी

१२ एप्रिल, शुक्रवार
सतरा नंबरच्या दुधाला आज डिग्री लागली नाही. चोवीस, शुद्ध दुधाला तीसच्या आसपास हवी. तीनदा बघितलं. काचेची नळी तिन्ही वेळा दुधात खाली खाली गेली. सतरा नंबर आमच्या घरचा.

मागे रांगेत काशीकाकू. "काय गं डिग्रीबाई, थांबलीस कावून?"

सोसायटीत मी दूध तपासते म्हणून हे नाव. बी.एड.च्या डिग्रीने नोकरी दिली नाही, या डिग्रीने दिली. सगळ्यांदेखत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पाणी'. दूध परत. दुसऱ्या कुणाचं असतं तर हेच केलं असतं ना?

मायने ताटात भाकरी आदळली.

१३ एप्रिल
माय आज बोलली. म्हैस दीड लिटरवर आलीय. सोसायटीचा नियम असा की दोन लिटरच्या आत दूध आलं की तिथून मिळणारा चारा बंद. चेअरमन अण्णांनी सांगितला, पण सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीला लावला मीच. चारा नाही म्हणून दूध आटतं, दूध आटलं म्हणून चारा नाही. लिहिताना मला त्यात काही खटकलं नव्हतं, हे जास्त लागतंय.

"म्हस मारू का नियम पाळू, सांग," माय म्हणाली.

मी विचारलं ते भलतंच. चार दिवस टँकर नाही, घरात प्यायला दोन घागरी. दुधात घालायला पाणी आणलं कुठून?

माय दादांकडे बघायला लागली. दादा खुंटीकडे.

१४ एप्रिल
जयंती. सकाळी झेंडा, वंदना. मिरवणूक छोटी. दूध मात्र रोजच्या वेळेला, म्हशीला जयंती कळत नाही.

दुपारी दादा शेतात घेऊन गेले. आमच्या विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. अख्ख्या गावाला ती कोरडी वाटते, मलाही वाटायची. दादांनी दोन काट्या ओढल्या. तळाला हातभर पाणी. स्वच्छ. त्यात माझं तोंड दिसलं तर मी मागेच सरले.

ही आज्याने, दादांच्या बापाने खोदली. गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती, कुणीतरी वरून ओंजळीत ओतेपर्यंत उभं राहायचं. म्हणून खोदली.

"कधीपासून लपवलंय, दादा?"

"दोन म्हयने झाले. दिवसाला वीसेक घागरी निघतंय. गावाला कळलं की तालुक्याच्या सायबाला कळतंय. सायेब लिव्हणार, गावात पानी हाय. टँकर बंद. वीस घागरीत गाव जगतंय का?"

म्हणजे 'पाणी आहे' म्हणायला पुरतं, प्यायला पुरत नाही.

"गावासाठी लपवताय का गावापासून?"

"दोनी," दादा म्हणाले. "खोटं कावून बोलू."

१६ एप्रिल
कशात लक्ष लागत नाही. ऊसतोडीच्या कोयत्यावरून माणसं परतली, प्यायची तोंडं वाढली, टँकर तेवढाच. काशीकाकूच्या सुना उन्हात घागरींची रांग धरून बसलेल्या. जाता येता जिभेवर येतं, तिकडे आहे गं पाणी. सांगितलं तर त्यांचा टँकर जातो. नाही सांगितलं तर… रोज त्यांच्या समोरून जायचं आहे मला.

घरचं दूध आज दीड लिटर, डिग्री तीस. अस्सल. म्हणून चारा नाही. म्हैस दारात जीभ चाटत उभी. तिच्या डोळ्याला डोळा देववत नाही. खोटं दूध चाललं असतं तर पोटभर खाल्लं असतं.

१८ एप्रिल
व्हायचं ते झालं. आणि कौतुकातून झालं.

टँकरच्या तपासणीला तालुक्याचे साहेब आले. पंखा फक्त सोसायटीत, म्हणून चहाला इथेच बसले. अण्णा रंगात. माझ्याकडे बोट करून, "सायेब, आमची सुनंदा बघा. सोताच्या घरचं दूध सोडलं न्हाई तिनं! दाव गं रजिस्टर." दाखवलं.

साहेबांनी शेरा वाचला. पुन्हा वाचला. "हे पाणी कुठलं?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "टँकरचंच असंल की, सायेब."

"दुधात घालण्याइतकं उरतं? मग खेपा कमी करायला हव्यात. आणि टँकरचं नसेल तर गावात स्रोत आहे. मग टँकरच कशाला?"

दोन्हीकडून मारलं. साहेब वाईट नव्हते, आवाजही चढवला नाही. चौकशी होईपर्यंत टँकर थांबवला. जाताना म्हणाले, रजिस्टर फार छान ठेवलंय.

एक शब्द. माझ्याच अक्षरात.

१९ एप्रिल
रात्रभर मी जागी, दादाही. सकाळी उठून त्यांनी कुऱ्हाड घेतली. मी घाबरून मागे धावले. पण ते शेतात गेले, सगळ्या काट्या ओढून टाकल्या आणि चावडीवर जाऊन एवढंच सांगितलं, "पानी माझ्या हिरीत हाय. या."

आले. अण्णांच्या घरचेही. काशीकाकूने पोहरा सोडला, थांबली, दादांकडे बघितलं. तिची सासू आमच्या आजीला वरून पाणी ओतायची. "घेऊ का?" म्हणाली.

"तुला ओतायला कुनी यायचं न्हाई," दादा म्हणाले. "घे."

बायका हसल्या, काकू पण. मला रडू आलं. सोसायटीच्या कॅनमध्ये सगळ्या गावाचं दूध किती वर्षं एक होतंय, पाणी आज पहिल्यांदा.

दुपारच्या आत साहेबांनी येऊन काठी सोडून मोजलं. लिहिलं, 'स्रोत उपलब्ध'. टँकर रद्द.

२२ एप्रिल
विहीर दुपारपर्यंतच पुरते, मग गाळ. दोन पोरी चक्कर येऊन पडल्या. अण्णांनी टँकरसाठी नवा अर्ज केला. पुन्हा तपासणी.

२३ एप्रिल
साहेब सकाळीच आले. रातोरात झिरपलेलं, तळाला पुन्हा हातभर. शेरा, 'स्रोत जिवंत'. अण्णा हात जोडून म्हणाले, सायेब, दुपारी या. साहेब म्हणाले, परवा अकराला येतो, शेवटचं. कोरडी दिसली तर त्याच सांजेला टँकर.

म्हणजे गावाला पाणी हवं असेल तर विहीर कोरडी पाहिजे.

दादा ऐकून उठले. "मी उपसणार न्हाई," म्हणाले. "बापानं खनलेली हाय."

२५ एप्रिल
विहिरीच्या काठावर बसून लिहितेय. पहाटेपासून सगळं गाव उपसतंय. घागरी भरल्या, हंडे भरले, लहान पोरांच्या बाटल्यासुद्धा. सोसायटीचे कॅन आणले. आज त्यात नुसतं पाणी, नळी लावायची गरज नाही. पण उद्यापरवा हेही संपणार, आणि आज टँकर मंजूर झाला नाही तर पुढचा विचारही करवत नाही.

साडेनऊला तळ दिसला. मी वजनाने हलकी म्हणून मला खाली उतरवलं. ओंजळीने, मग वाटीने उपसलं, शेवटी मायच्या लुगड्याच्या फडक्याने टिपून घेतलं. कपारीतून झरा येतोच. करंगळीएवढा. हात लावला तर गार. बोट दाबून धरलं, बाजूने यायला लागला. दम खायला वर आलेय.

दादा पलीकडे बांधावर, पाठ करून.

अकरा वाजून गेले. आजा इथे पहार मारताना काय म्हणाला असेल? मी झऱ्याला बरोबर उलटं म्हणतेय. नको येऊ. अर्धा तास नको येऊ, बाबा, मग ये, कायमचा ये.

रस्त्यावर धुरळा दिसतोय. साहेबांची जीप असेल, नाहीतर वावटळ. काशीकाकू वरून ओरडतेय, "सुनंदे, परत वाटीभर आलं गं!"

उतरते.