लग्नात दाखवलेला ध्रुव

बाबा, आमच्या लग्नात तुम्ही बोट करून दाखवलात तो ध्रुव नव्हताच. गेल्या अमावस्येला हे कळलं, पेठ गावाच्या अलीकडच्या एका माळावर, थंडीत, या वयात.

हल्ली मी रात्रीच्या आभाळाचे फोटो काढते, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. सगळं बिऱ्हाड पाठीवरच्या पिशवीत मावतं: कॅमेरा, अख्खी उत्तर दिशा एका फोटोत बसवणारी लेन्स, घडीचा स्टँड आणि जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. तारे सरकतात त्याच चालीनं ते कॅमेरा फिरवतं, म्हणून फोटो कितीही वेळ घेतला तरी तारा ठिपकाच राहतो. अट एकच, यंत्राचा आस ध्रुवाकडे हवा. यंत्र नवं, पहिलीच खेप. मी ऐटीत ह्यांना म्हटलं, ध्रुव मला शिकवू नका, आणि तुमचा तो ठळक, पिवळसर तारा धरला. बघते तर काय, सगळ्या ताऱ्यांच्या रेघोट्या! पुन्हा लावलं, स्क्रू आवळले, यंत्राच्या नावानं बोटं मोडली. शेवटी ह्यांनी मोबाइल आभाळाकडे धरला. "अगं, हा ब्रह्महृदय आहे. ध्रुव बघ केवढा खाली, डोंगराला टेकलाय." मग म्हणाले, "पण लग्नात बाबांनी हाच दाखवला होता ना?"

हाच. तो क्षण आजही डोळ्यांपुढे आहे. अंधार पडलाय, गुरुजी घाईत आहेत. "ध्रुव कुणाला ठाऊक आहे? लवकर दाखवा, मंडळी जेवायची खोळंबलीत." सगळे तुमच्याकडे बघतात, कारण आभाळ तुम्हाला पाठ. तुम्ही क्षणभर थांबता, हात वर करता. "तो बघ." बोटाच्या रोखानं एकच तारा लखलखतोय. मी म्हणते, दिसला. बाबांनी दाखवलेला ध्रुव पुन्हा तपासून बघतं का कुणी? तेही तुमच्यासारख्यानं दाखवलेला, ज्याला सातपूरच्या कारखान्यात ग्राइंडिंग करताना केसाचा फरक खपायचा नाही! भिंतीवर कॅलेंडर मी जरा तिरकं लावलं तर केवढे ओरडला होतात. "अंदाजे हा शब्द माझ्या घरात नको."

दुसऱ्या दिवशी तडक नाशिक रोडला दादाकडे गेले. आई गवार मोडत बसली होती. मी तणतणत सगळं सांगितलं, तर मान वरसुद्धा न करता म्हणाली, "अगं, त्यांना रात्रीचं दिसायचंच कुठं? दिवे सोडून सगळा काळोख. लहानपणापासूनचं."

"आई, काय बोलतेस तू!"

"कंपनीत कळलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

गच्चीवर तुम्ही मला विचारायचात, "सांग, काय काय दिसतंय?" मी सांगायचे, तीन तारे एका ओळीत, आणि तुम्ही लगेच म्हणायचात, "मग तो मृग." दिवसा तुम्ही तारीख-वेळ जुळवली की आभाळ दाखवणारी ती ताऱ्यांची चकती फिरवत बसायचात, वाढदिवसाला मलाच दिलेली. एकदा मी हट्ट धरला की आज तुम्ही दाखवा, तर खेकसलात, "सगळं आयतं मिळणार नाही!" किती रडले होते मी. आणि संध्याकाळी सायकलच्या दांडीवर बसवून "खड्डा सांग" हा खेळ! डावीकडे खड्डा, उजवीकडे गाय, असं ओरडत मी घर गाठायचे. खेळ म्हणे! बाबा, कमाल आहे तुमची. राग येतोय. अहो, मला तरी सांगायचंत.

मी आईला विचारलं, म्हणजे बाबांनी जन्मात एकही तारा बघितला नाही? तिची बोटं तेवढ्यापुरती थांबली. "मीही विचारलं होतं एकदा. म्हणाले, पोरगी सांगते ना, तेवढे दिसतात."

त्याच रात्री पुन्हा माळावर गेलो. खऱ्या ध्रुवावर यंत्र लावलं आणि तारे ठिपके झाले, एकूण एक. तो फोटो मोठा छापून घेतला. आज दुपारी आमच्या इंदिरानगरच्या घराच्या गॅलरीत, रखरखीत उन्हात, तुमच्या तसबिरीपुढे धरला. दिवसा तुम्हाला चांगलं दिसायचं. एकेक करून सांगत गेले: हे सप्तर्षी, ही शर्मिष्ठा. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून कबूल करते. ध्रुवापाशी आले आणि माझं बोट खाली गेलंच नाही. ब्रह्महृदयावर टेकवून म्हटलं, "आणि हा ध्रुव, बाबा. तुम्ही दाखवलात तोच."