खळीखालचं चित्र

१२ जाने., सोम.
बुद्धाच्या तसबिरीचा खालचा कोपरा सुटला. हायत्सुंगच्या (खोलीतल्या हीटरच्या) बरोबर वर टांगलीय, सुटणारच. चिकटवायला उतरवली तर कागदाखाली पुठ्ठ्यावर रंग. राखाडी, विटकरी, त्रिकोण-चौकोन एकमेकांत घुसलेले, मधेच एक डोळा. कोपऱ्यात सही.
तीन वर्षांपूर्वी अण्णा (सासरे) नागपूरहून पहिल्यांदा इथे जर्मनीत आले, तेव्हा हा पुठ्ठा त्यांना रस्त्यावर लोकांनी टाकलेल्या सामानात सापडला होता. "एवढा जाड पुठ्ठा फेकून राहिले?" मैद्याची खळ शिजवून त्यावर तसबीर डकवली. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद. मोरचूद मीच आणून दिलं. रंग तेव्हाही दिसले होते. शाळेतल्या पोराची चित्रकला वाटली. मागे नाव-पत्ता होता, तो आम्ही फ्रेमवाल्याचा समजलो.

१७ जाने., शनि.
डार्मश्टाट. जुनी चित्रं दुरुस्त करणारी फ्राऊ केलर. तिने मागचं नाव वाचलं आणि आधी हातमोजे घातले. क्युबिस्ट चित्रकार, ज्यू. नाझी आल्यावर देश सोडावा लागला, परत आला नाही. इथे मागे राहिलेलं जवळजवळ सगळं गेलं.
"आणि वर?" तिने विचारलं.
"बुद्ध."
"गेनाऊ, बरोबर. कशाने चिकटवलाय?"
सांगितलं. अकरा वर्षं गोंदांवर काम करतेय. कुठला गोंद कसा सुटतो हे सांगायलाच कंपनीने ठेवलंय मला. तिच्याकडे बघवेना.
अण्णा सध्या इथेच आहेत. त्यांना सांगितलं, तसबीर साफ करायला दिली.

२६ जाने., सोम.
केलरचा फोन. चित्राचा रंग पाण्यात विरघळणारा, आणि खळ ओलाव्यानेच सुटते. ओलं केलं तर तसबीर वाचेल, चित्र जाईल. कोरडं खरवडलं तर चित्र वाचेल, तसबिरीचा भुगा. दोन्ही वाचणार नाहीत.
तसबीर बाजारातली साधी, पण अण्णांच्या वडिलांनी नागपुरात दीक्षेच्या दिवशी घेतलेली. इथे येताना अण्णांनी ती विमानात मांडीवर धरून आणली होती.

८ फेब्रु., रवि.
दोन शनिवार स्वयंपाकघरात नमुने. तसाच रंग, तशीच खळ, मोरचूदसुद्धा. वाफ, जेल, फ्रीजर. सगळे वाया. सानू (लेक) येऊन बघून गेली. "ममा, दास क्लेप्ट हाल्ट." चिकटलंय म्हणजे चिकटलंय. नऊ वर्षांच्या पोरीला कळलं.
अण्णा सकाळी रिकाम्या खिळ्यासमोर वंदना म्हणत होते. खोटं बोलल्याची लाज वाटते.

१९ फेब्रु., गुरु.
केलरने चित्रकाराची नात शोधली. म्हातारी बाई, उरुग्वेत असते. तिची मेल: चित्रात खिडकीशी बसलीय ती तिची आजी. आजोबांचं मूळ चित्र तिच्याकडे एकही नाही. कुठे रागाचा शब्द नाही. असता तर बरं झालं असतं.
मिलिंद (नवरा) म्हणाला, "चित्र तिचं. द्यायचं."
मी म्हटलं, मान्य. पण तसबीर आपली कुठे आहे?
"मग अण्णांना तू सांग."
वडील याचे, सांगायचं मी!

२२ फेब्रु., रवि.
सांगितलं. महिनाभराचं खोटंही. अण्णा एवढंच म्हणाले, "खळ मीच लावली ना."
दुपारी जेवले नाहीत.

२५ फेब्रु., बुध.
केलरचा फॉर्म आला. तसबिरीच्या मालकाची सही हवी, "नष्ट करण्यास संमती" अशी. मी मराठीत वाचून दाखवला. "नष्ट"ला अडखळले, दुसरा शब्द सापडेना.
अण्णांनी चष्मा पुसला. "त्या बाईकडे आजोबाचं दुसरं काहीच नाही?"
"एक फोटो आहे."
"आजोबाचा? चेहरा दिसते त्यात?"
"हो."
मग म्हणाले, "माझे बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो, प्रज्ञा. त्यांचा फोटो कोणी काढलाच नाही. त्यांचा हात लागलेलं घरात हे एवढंच."
मी म्हटलं, नका करू सही. खरंच मनापासून म्हटलं. आणि लगेच ती खिडकीशी बसलेली बाई आठवली.
अण्णांनी पेन मागितलं. फॉर्म सही न करताच घडी करून पेनासकट खिशात ठेवला आणि सानूला शाळेतून आणायला गेले. रविवारी त्यांचं विमान आहे.