तिसरी रेघ कुणाची

ती. आत्यास,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढणं बंद केलं असशील अशी आशा आहे (केलं नसशील हे माहीत आहे). मी अगदी ठणठणीत आहे. फक्त अन्न जात नाही आणि दार वाजलं की छातीत धस्स होतं.

त्याचं असं झालं. आमच्या संशोधन केंद्राच्या मोठ्या बाई महिनाअखेर निवृत्त होताहेत. रोप उभ्याउभ्या वाळवणाऱ्या मर रोगाला पुरून उरेल असं वांगं काढण्यात त्यांची नऊ वर्षं गेली, आणि शेवटचा संकर त्यांनी माझ्या हाती सोपवला. आई बिनकाट्याची, चवदार. बाप रानटी, काटेरी, पण धट्टाकट्टा. आईच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे, बापाचे पराग कुंचल्याने लावायचे, वर कागदी पिशवी घालायची. बी रुजून पानांवर काटे आले की जमलं. (आम्हाला जिथे लव दिसते तिथे बाईंना काटा दिसतो.) साठच्या साठ रोपांना काटे आले! बाईंनी सगळ्यांना बोलावून भिंगातून दाखवले, माझ्या पाठीवर थाप मारली. मी मेली हरखून म्हणाले, "डीएनए तपासून पक्कं करू या." कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?

तपासणीच्या फोटोत आईची एक रेघ असते, बापाची एक, आणि खऱ्या संकरात दोन्ही. यंत्र सांभाळणारे गृहस्थ फोटो बघून म्हणाले, "आईची आहे. बापाची नाही. ही तिसरीच कुणाची?" माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. (यंत्र बिघडलं असेल या आशेने त्याला एक धक्काही दिला.) तीच रेघ, साठही रोपांत, निर्लज्जासारखी. शेवटी बाईंना सांगितलं. त्यांनी कितीतरी वेळ चष्मा पुसला. "रोपांचा काय दोष?" म्हणाल्या. "बाप शोध. शुक्रवारपर्यंत." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं गं.

बाकी ठीक. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. कीड लागली का बघ म्हणून तू दारातली काटेरी वांग्याची कुंडी दिली होतीस ना, ती मी नेमकी पराग लावायच्या वेळी दोन दिवस काचघरात ठेवली होती. बापाच्या रोपाला खेटून. फुलांनी लगडलेली. आणि माझा चष्मा घरी राहिला होता. तिची दोन कोवळी पानं कागदात गुंडाळून ताबडतोब पाठव. बाईंना यातलं अक्षरही कळता कामा नये.

ता. क. २. पाकीट मागायला बाईंकडेच गेले, आणि हातात हे पत्र उघडं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "आत्यांच्या वांग्याला कधी मर लागली होती का?" मी म्हटलं, "शेजारच्या सगळ्या कुंड्या गेल्या, ती तेवढी टिकली." हसल्या की काय ते कळलं नाही, पण पानं पाठवू नकोस. रविवारी बाई स्वतः भिंग घेऊन येताहेत. आपण मुलाकडचे आहोत, जरा नीट वाग.