दादाच्या शेतातला कोळसा

४ मे
दादाने काडी लावलीच! मी पोचेपर्यंत मक्याच्या धाटांचा अर्धा ढीग खाक. "दरवर्षी जाळतो, आताच काय झालं?" मी भडाभडा बोलत सुटले — उघड्यावर जाळलं की सगळं धुरात जातं, खड्ड्यात, कमी हवेत जाळलं तर कोळसा होतो, मातीत वर्षानुवर्षं टिकतो, ओल धरतो. तो हसला. "आली मातीची डॉक्टरीण!" पण उरलेला ढीग दिला मला.

जेवताना कळलं — वहिनीचा भाऊ त्याला शहरात आपल्या दुकानात बोलावतोय. दादा शेतीला विटलाय. मी म्हणाले, एक हंगाम थांब. माझ्यासाठी.

९ मे
खड्डा जमला! वर नुसती ज्वाळा, धूर जवळजवळ नाहीच. निखाऱ्यांवर राख धरली की धाटांचा पुढचा थर. शेवटी पाणी ओतलं — चर्रर्र! दादाने एक तुकडा मोडून पाहिला. "काचेसारखा वाजतो गं!" दोघं काळी भुतं. वहिनीने अंघोळीआधी घरात घेतलं नाही.

२ जून
मी माती तपासते त्या संस्थेत शेतकऱ्यांना मीच शिकवते — कोळसा आधी शेणखतात मुरवा, मगच शेतात घाला. पण पेरणी तोंडावर आलेली. दादाने विचारलं, "असाच घालायचा?"
मी म्हणाले, "चालेल."

१० जुलै
पीक पिवळं पडलंय. कोळसा उपाशी होता, मातीतलं अन्न त्यानेच ओढून घेतलं. दादाला तसंच सांगितलं. तो बांधावर बसून राहिला. "मी विचारलं होतं तुला." बस, एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१५ जुलै
वरून खत दिलं. उशीर झालाय.

३ ऑक्टोबर
कणसं बोटाएवढी.

१९ नोव्हेंबर
शेत शेजारच्या काकांनी घेतलं. टेम्पोत सामान भरताना दादा म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. माझं मन आधीच उठलं होतं." खोटं. खड्ड्याजवळ त्याचा चेहरा मी पाहिलाय. वहिनी माझ्याकडे न बघता गादी बांधत राहिली.

मला घाई का झाली? पेरणीची, की खरं ठरायची?

६ ऑगस्ट
शेत जाऊन आठ-नऊ महिने झाले. त्या वाटेने मी जातच नाही. आज काकांनीच हाक मारून नेलं. मका माझ्या डोक्याच्या वर! पानं काळपट हिरवी. "पावसाने ओढ देऊनसुद्धा पान सुकलं नाही. तुझ्या भावाने यात घातलंय तरी काय?"

कोळसा मुरला. आता देतोय — दुसऱ्याला. काकांना सगळं सांगितलं, खड्डासुद्धा करून देते, असं मीच म्हणाले. मग तिथे उभं राहवेना.

७ ऑगस्ट
दादाचा फोन. मागे गिऱ्हाइकांचा गलका. सहज विचारल्यासारखं — "आपल्या शेतात यंदा कसं आहे गं?"
"जेमतेम," मी म्हणाले.
"मग सुटलो म्हणायचं," म्हणाला. आवाज किती हलका झाला त्याचा!